दोन ठोक्यांची जागा

ड्रम मधेच थांबले आणि ग्लेनिसच्या हातातला बिंगोचा चेंडू फडक्यातून निसटून मंचाच्या फळ्यांवर टपटपत गेला. दोनच ठोक्यांचं थांबणं. तेवढ्यात माणूस फार तर एक आवंढा गिळतो. मग ड्रम पुन्हा सुरू झाले, गिटार येऊन त्यांच्यावर आदळली, आणि चेनमेकर्स क्लबच्या रिकाम्या हॉलमध्ये गाणं काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघून गेलं. ग्लेनिस होती तिथेच राहिली. चेंडू उचलायला हवा हे तिला कळत होतं, पण वाकवेना. दर शनिवारी दुपारी येऊन चेंडू पुसायचे, ते वाऱ्याने उडवणारी काचेची पेटी एकदा चालवून बघायची आणि संध्याकाळी पेटीशेजारच्या उंच खुर्चीवर बसून आकडे पुकारायचे, हे तिचं काम. पेटी मंचाच्या डाव्या कडेला स्क्रूने कायमची ठोकलेली. कुठलाही वाद्यवृंद आला तरी त्याने आपलं सामान तिच्या आजूबाजूला मांडायचं, हा क्लबचा नियम. त्यामुळे ड्रम वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला, चार पावलांवर, ग्लेनिसची खुर्ची असायची. हे तिला आजवर कधी खटकलं नव्हतं. आजच खटकलं.

तसं तिला माहीत नव्हतं असं नाही. स्वच्छतागृहाच्या वाटेवर महिनाभर जाहिरात लागलेली होती: 'सूटफॉल अगेन', म्हणजे सूटफॉल या जुन्या बॅण्डची हुबेहूब नक्कल करणारी मंडळी. त्या जाहिरातीवरून जाताना ती समोरच्या भिंतीकडे बघत जायची, एवढंच. क्लबमध्ये दर शनिवारी कुणी ना कुणी कुणाची तरी नक्कल करतंच. कुणी मेलेल्या गायकाचे केस लावून येतो, कुणी जिवंत गायिकेचे. आणि हे दणदणाटी संगीत तर इथलंच. बर्मिंगहॅमजवळच्या या क्रॅडली हीथमध्ये साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो म्हणेल माझा मावसभाऊ अमक्या बॅण्डमध्ये होता, आणि बहुतेक वेळा ते खरंही असेल. तेव्हा तिने मनाशी ठरवलेलं होतं: आकडे पुकारायचे, आणि यांचा गोंगाट सुरू झाला की स्वयंपाकघरात जाऊन पावांना लोणी लावत बसायचं. नक्कल म्हणजे कपडे, केस, गाणी. नक्कल करणारे चूकसुद्धा उचलतील, आणि तीही इतकी जिथल्या तिथे, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. चुकीची तालीम कोण करतं?

कारण ती चूकच होती. तिच्या नवऱ्याची, सूटफॉलमध्ये तेव्हा ड्रम वाजवणाऱ्या डेनिस हिंग्लीची. पंचाहत्तर सालचा नोव्हेंबर, बर्मिंगहॅममधला तो मोठा हॉल, खाली माणसांचा नुसता काळा लोट, आणि मंचाच्या डाव्या कडेला पडद्याआड एक लाकडी खुर्ची. खुर्चीवर ग्लेनिस, आठव्या महिन्यात. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, त्यामुळे डेनिस तिला घरी सोडून जायला तयार नव्हता आणि ती त्याला वाजवायला जाऊ नको म्हणायला तयार नव्हती. शेवटी त्यानेच तोड काढली. 'तू तिथे बस. मला बसल्या जागेवरून दिसशील. तू खुर्चीत आहेस तोवर सगळं ठीक, मी वाजवतो. काही झालं तर उठ. मी बघेन.' ती हसली होती. एवढ्या गोंधळात हा बघणार! पण तो बघत होता. दर गाण्यात एक-दोनदा मान डावीकडे वळायची, केसांतून घाम उडायचा, आणि नजर तिच्यावर टेकून परत जायची. फोर्जमध्ये, लोखंड घडवण्याच्या कारखान्यात, काम करणारा माणूस तो, घणाखाली लोखंड धरताना जोडीदाराकडे असंच बघत राहायची त्याला सवय. त्या नजरेची तिला आधी गंमत वाटली, मग ऊब वाटली, आणि मग, खरं सांगायचं तर, ती विसरली. पडद्यामागे उकडत होतं, पाय सुजले होते, मागच्या दाराशी कुणीतरी विटेचा टेकू लावून ठेवला होता आणि तिथून गार वारा येत होता. ती उठली आणि वाऱ्याला जाऊन उभी राहिली. बस, इतकंच. दारात उभी असताना तिला ड्रम थांबलेले ऐकू आले. दोन ठोके. तिने चमकून आत पाहिलं, धावत, म्हणजे त्या अवस्थेत धावता येईल तसं, खुर्चीकडे आली. तोपर्यंत ड्रम सुरू झालेही होते. डेनिस तिच्याकडेच बघत होता. त्याचा चेहरा तिने आधी कधी तसा पाहिला नव्हता आणि नंतर एकदाच पाहिला, शेवटच्या आजारात.

त्या रात्री गाडीत त्याने विचारलं, "काय झालं होतं गं?"

"काही नाही. जरा वाऱ्याला गेले होते."

"मग बरं," तो म्हणाला. आणि खरोखरच बरं वाटल्यासारखा हसला.

त्याच कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण झालेलं होतं. तबकडी निघाली, ती चूक त्यात जशीच्या तशी राहिली, आणि पुढच्या दौऱ्याला ड्रमवर दुसराच माणूस बसला. डेनिस परत फोर्जमध्ये गेला. मुलगी धडधाकट जन्मली, आता ती न्यूझीलंडला असते आणि आईला व्हिडिओवर नातवंडं दाखवते. बॅण्डवाल्यांना डेनिसने कारण सांगितलं नाही. हातातली काठी निसटली असं ते धरून चालले आणि त्याने ते तसंच राहू दिलं. ग्लेनिसला तो त्यावरून आयुष्यात एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर भांडता आलं असतं. 'मग बरं' म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? ती तबकडी घरात कधी लागली नाही. तो गेल्यावर तिने ती माळ्यावरून काढली, हातात घेतली, आणि परत ठेवून दिली.

मंचावर आता गाणं थांबून वाद सुरू झाला होता. बॅण्डचा म्होरक्या रसेल, गिटारवाला, पन्नाशी उलटलेला. अजून केसांचा टोप घातलेला नव्हता, त्यामुळे टक्कल दिव्यात चमकत होतं.

"शेली, ते थांबायचं नाही म्हणून किती वेळा सांगू? तबकडीच्या नव्या आवृत्तीत ते काढलंय. साफ केलंय त्यांनी."

"त्यांनी केलं असेल. मी नाही केलेलं." ड्रममागून एक छत्तिशीची बाई बोलली. दंड उघडे, दोन्ही हातांवर कुत्र्यांच्या नखांचे ओरखडे. कुत्र्यांना न्हाऊमाखू घालायचं दुकान होतं तिचं, हे ग्लेनिसला नंतर कळलं.

"अगं, खुद्द सूटफॉलवाले म्हणतात ती चूक होती! पन्नास वर्षं त्यांना ती सलत होती. आता यंत्रावर दोन ठोके भरून टाकले. आज आपण चित्रण करून पाठवणार आहोत त्यांना. आवडलं तर ते इंटरनेटवर त्यांच्या पानावर टाकतील. आणि तू जाऊन त्यांचीच चूक त्यांच्या तोंडावर मारणार?"

"लोक त्यासाठी येतात, रसेल. त्या श्वासासाठी येतात."

"लोक दारूसाठी येतात."

"मी थांबणार."

"मग पुढच्या शनिवारपासून थांबच. घरी."

बाकीचे दोघे तारा गुंडाळण्यात भलतेच गुंतले. शेलीने काठ्या ड्रमवर टाकल्या आणि ती धूम्रपानाला बाहेर गेली. ग्लेनिसने वाकून चेंडू उचलला. त्यावर काय आकडा होता ते तिने पाहिलं नाही.

साफ केलं. पुसलं. दोन ठोके भरून टाकले. घरी जाऊन तिने चहा टाकला आणि तो गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसली. तिला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं जी गोष्ट जगात कुठे कुठे वाजत होती, अनोळखी लोकांच्या घरांत, गाड्यांत, आणि प्रत्येक वेळी जिच्यात ती खुर्चीवरून उठत होती, ती आता कुणीतरी मिटवून टाकली होती. डेनिस आता चुकला नव्हता. ती उठली नव्हती. सगळं नीट झालं होतं. मग आनंद का होत नव्हता? हळूहळू तिच्या ध्यानात आलं की डेनिसचं त्या तबकडीवर दुसरं काहीच नाही. बाकी जे वाजतं ते कुणीही वाजवावं, शेली वाजवते, उद्या यंत्रही वाजवेल. ते दोन न वाजलेले ठोकेच तेवढे त्याचे. त्या दोन ठोक्यांत तो तिला शोधत होता. तेच आता भरून टाकले होते. ते आज रिकामे राहावेत की राहू नयेत, हे तिला ठरवता येईना. एकदा वाटे, नकोत, त्या पोरीने ते रिकामे सोडले तर मी भर सभेत पुन्हा उठल्यासारखी होईन. एकदा वाटे, तिनेही ते भरून टाकले तर तो आज पुरता जाईल. तिने चहा मोरीत ओतला, ठेवणीतला निळा स्वेटर घातला आणि ती क्लबला निघाली.

हॉल सातलाच भरला. काळे सदरे, पांढऱ्या दाढ्या, गुडघ्यांची दुखणी आणि हातात गडद बिअरचे पेले. टेबलांवर डुकराच्या तळलेल्या कुरकुरीत कातडीच्या पुड्या, चीज-कांद्याचे पाव. बायका बिंगोची तिकिटं आधीच रांगेने लावून बसल्या होत्या, गाणं त्यांच्या दृष्टीने वाट बघण्यापुरतं होतं. क्लबचा चिटणीस विल्फ ट्रोमन्स माईकवर फुंकर मारून म्हणाला, "मंडळी, आपले पाहुणे आलेत. मोठ्याने वाजवतात असं ऐकून आहे. ज्यांना कानाची यंत्रं आहेत त्यांनी काढून खिशात घाला." हशा झाला. मग पहिल्या भागाला सुरुवात झाली आणि ग्लेनिस ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात जाऊन लोणी लावत बसली. भिंतीतून ठोके येत होते. फडताळातल्या बशा थोड्याशा किणकिणत होत्या. शेली चांगली वाजवत होती. ग्लेनिसला ड्रममधलं काही कळत नसे असं ती स्वतःच सांगे, पण ज्या घरात रात्री जेवणाच्या टेबलावर काटे-चमच्यांनी ताल धरले जायचे तिथे ती चाळीस वर्षं राहिली होती.

बरोबर बिंगोच्या वेळेला विल्फने गाण्याच्या ऐन मध्यावर हात वर केला. रसेलने टोपाखालून भयंकर नजर टाकली. पण ज्या क्लबात बिंगो थांबत नाही तिथे गाणं थांबतं, हे या भागात वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ग्लेनिस आपल्या खुर्चीवर चढली, पेटी सुरू केली. "शांतता!" विल्फ ओरडला आणि मघाशी मुठी हलवणारे सगळे शाळेतल्यासारखे गप्प झाले. तिला ही शांतता पाठ होती. पेनं टेकवलेली, कुणी खोकतसुद्धा नाही, आणि तिच्या आवाजाकडे सगळ्यांचे कान. आकड्यांची ठरलेली टोपणनावं घेत ती पुकारू लागली. "दोन जाड्या बायका, अठ्ठ्याऐंशी. एकटा चार, चार." पुढचा चेंडू तिच्या हातात आला आणि तिला समोरचा ड्रम दिसला, त्यामागची रिकामी बैठक दिसली, आणि ती थांबली. किती वेळ ते तिला कळलं नाही.

"ग्लेन, झोपलीस का काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"सहा आणि तीन, त्रेसष्ट," ती म्हणाली. हातात खरोखरच त्रेसष्ट होता, नशीब.

डाव संपला, कुणाला तरी बक्षिसाचा मटणाचा गठ्ठा मिळाला, लोक पेले भरायला बारकडे लोटले. शेली लेमनेडचा पेला घेऊन मंचाच्या कडेला ग्लेनिसच्या पायाशीच येऊन बसली. मानेवरचा घाम पुसत म्हणाली, "आमचा फार त्रास होत असेल ना तुम्हाला? अगदी कानाशी."

"सवय आहे मला." ग्लेनिस चेंडू परत खणात लावत होती. मग तिच्या तोंडून गेलंच. "ते थांबणं तुला कुणी शिकवलं?"

"दुपारी ऐकलंत होय सगळं? शोभाच करून घेतली आम्ही आमची." शेली हसली. "बाबांनी. सात-आठ वर्षांची असेन. पातेल्यांवर वाजवायचे मी. ती जागा आली की बाबा माझा खांदा धरायचे, दोन ठोके झाले की सोडायचे. आमच्या घरी देवाचं नाव घेत नाही कुणी, पण त्या दोन ठोक्यांत कुणी बोललेलं चालायचं नाही. सगळ्यांचा श्वास बंद. सगळीकडे तसंच आहे, बघा तुम्ही, ते वाजलं की हे सगळे म्हातारे मूठ वर करून गप्प होतात. त्याला श्वासच म्हणतात सगळे."

"सगळे कोण?"

"सगळे म्हणजे... जपानमध्येसुद्धा."

ग्लेनिसला हसू आलं आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. तिचं वाऱ्याला जाणं जपानमध्ये पोचलं होतं आणि तिथे लोक त्यासाठी गप्प होत होते. इतकी वर्षं ती समजत होती की ते थांबणं ऐकून लोक डेनिसला हसतात.

"का थांबला असेल, याच्यावर तर भांडणं होतात," शेली म्हणाली. "कुणी म्हणतं काठी सुटली. कुणी म्हणतं प्यायलेला होता—"

"प्यायलेला नव्हता." ग्लेनिसने खण ढकलून बंद केला. "वाजवायच्या दिवशी तो चहाशिवाय काही घ्यायचा नाही. तीन चमचे साखर."

शेलीने पेला खाली ठेवला. मान वर करून तिने ग्लेनिसकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या अंगठीकडे, मग पुन्हा तिच्या तोंडाकडे. "तुमचं आडनाव काय हो?" तिने अगदी हळू विचारलं.

ग्लेनिसने सांगितलं. आणि एकदा सांगायला लागल्यावर बाकीचंही सांगितलं. बर्मिंगहॅम, खुर्ची, ठरलेली खूण, विटेचा टेकू लावलेलं दार. स्वतःच्या मुलीलाही तिने हे कधी सांगितलेलं नव्हतं. सांगून झाल्यावर शेलीने आपला लेमनेड तिच्यापुढे केला.

"डावीकडे होती ना खुर्ची?" शेलीने विचारलं.

"डावीकडेच. अशीच."

रसेल तारेचं टोक लावता लावता इकडे संशयाने बघत होता.

"मग मी आता काय करू?" शेली म्हणाली. "थांबू? तुम्ही म्हणाल तसं. त्या टकल्याला मी बघून घेईन."

"मला नको विचारूस, पोरी. एकाचं काम गेलं माझ्यापायी, तेवढं पुरे." ग्लेनिसने पेला परत दिला. "मी स्वयंपाकघरात जाते. तिथेच असते मी गाण्याच्या वेळी."

"नका जाऊ," शेली म्हणाली. एवढंच म्हणाली आणि ड्रममागे जाऊन बसली.

दुसरा भाग सुरू झाला. ग्लेनिस उठायच्या बेतात होती. एक पाय खुर्चीच्या दांडीवरून खाली आलाही होता. त्या क्षणी आवाज तिच्यावर येऊन पडला, बरगड्यांत शिरला, दातांत शिरला, आणि तिला आठवलं की तो तेव्हाही असाच होता. आवाज आवडत नाही असं ती आयुष्यभर सांगत आली. आवडायचा. पोटातलं बाळसुद्धा त्याला लाथा मारून उत्तर द्यायचं. तिने पाय परत दांडीवर ठेवला. पहिली दोन गाणी अशीच गेली. मग ते गाणं आलं. पहिल्या स्वरालाच हॉल उठून उभा राहिला, गुडघे दुखणारेही उठले, रसेलच्या मेव्हण्याने समोरच्या टेबलावर चढून फोन धरला. ग्लेनिसचे हात मांडीखालच्या लाकडावर घट्ट आवळले गेले. उकडत होतं. स्वेटर काढून टाकावासा वाटत होता. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि तिथून, कुणीतरी मागची खिडकी उघडली असणार, गार वारा येत होता. तिला तो गालावर स्पष्ट लागला. उठू नकोस, ती स्वतःला म्हणाली. मोठ्याने म्हणाली बहुधा, कुणाला ऐकू जाणार होतं?

जागा जवळ आली. समोरच्या म्हाताऱ्यांच्या मुठी एकदम वर गेल्या आणि तोंडं मिटली. सगळा हॉल श्वास धरून उभा राहिला, तिला तो धरलेला दिसला, आणि तेवढ्यात शेलीची मान डावीकडे वळली. केस गालाला चिकटलेले, घामाचा एक थेंब उडाला. डोळे शोधत आले आणि खुर्चीवर टेकले.

खुर्चीत ग्लेनिस होती.

तिने मान हलवली. आहे, सगळं ठीक आहे. शेलीचे हात थांबले नाहीत. ज्या जागी इतकी वर्षं काहीच नव्हतं तिथे दोन ठोके पडले, भरीव, एकामागून एक, आणि गाणं त्यांच्यावरून चालत पुढे गेलं. मुठी हवेत तशाच राहिल्या. काहींनी एकमेकांकडे पाहिलं, कुणीतरी "अरे?" म्हणाल्यासारखे ओठ हलवले. रसेल आपलं ऐकलं म्हणून खुशीत येऊन मान डोलवत होता. शेलीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती अजून डावीकडेच बघत होती, आणि ग्लेनिसच्या गालांवरून जे वाहत होतं ते पुसायला तिने हात उचलला नाही, कारण हात उचलला तर उठते आहे असं वाटायचं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण त्यांत कुरकुर मिसळलेली होती. विल्फ बिअर सांडत कडेने आला आणि तिच्या कानाशी ओरडला, कारण त्याने आपलं यंत्र खरोखरच काढून खिशात घातलं होतं. "चुकली की गं पोरगी! तुझा डेन थांबला होता ना तिथे? थांबायला हवं होतं!"

"कशाला थांबेल?" ग्लेनिस म्हणाली. "काही झालंच नव्हतं, विल्फ. मी इथेच होते."